पूर्ण एक मिनिट

माझ्या बायकोने सोळा वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला नर्स प्रॅक्टिशनरच्या अभ्यासक्रमात जागा मिळाली. म्हणजे पुढे रुग्ण तपासून औषधही तीच लिहून देणार. शाखा गुरुवारपर्यंत कळवायची होती आणि नंतर ती बदलता येणार नव्हती. फक्त मुलं, की सगळ्या वयांची फॅमिली शाखा?

मी एक्सेल उघडलं. नोकऱ्या, कामाचे तास, अल नहदातल्या आमच्या घरून जाण्यायेण्याचा वेळ, आवड. प्रत्येकाला दहापैकी गुण. फॅमिली चार गुणांनी पुढे निघाली.

"तुम्ही म्हणता तर तेच भरते," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत बसली.

बुधवारी संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधली रत्नागिरीची शेजारीण सात महिन्यांच्या बाळाला घेऊन आली. "भाभी, सर्दी झालीय, श्वास बघा कसा चाललाय. इमर्जन्सीला नेऊ?"

मी लगेच घड्याळ लावून श्वास मोजले. अर्ध्या मिनिटात सत्तावीस. "चौपन्न!" मी जाहीर केलं. शेजारणीचा चेहरा उतरला.

"थांबा हो जरा." बायकोने बाळाचं झबलं वर केलं आणि पूर्ण मिनिटभर पोटाकडे बघत राहिली. फक्त ओठ हलत होते. "शेहेचाळीस, पन्नासच्या आत आहे. छाती आत ओढली जात नाहीये, दूध पितोय. सकाळी डॉक्टरांना दाखव. दूध सोडलं किंवा श्वास वाढला तर मात्र थांबू नकोस, लगेच ने. मलाही हाक मार." मग माझ्याकडे वळली. "बाळं मध्येच भराभर श्वास घेतात, मध्येच थबकतात. अर्ध्याची दुप्पट इथे चालत नाही, हिशेबनीस!"

तेवढ्यात बाळ तिच्या तोंडावर शिंकलं. आठवडाभरात ती पहिल्यांदा हसली.

शेजारीण गेल्यावर आमची मुलगी लॅपटॉपमध्ये डोकावली. "बाबा, आवडीला दोन्हीकडे सात? डिड यू ईव्हन आस्क हर?"

विचारलं नव्हतं. इतकी वर्षं तिचं अर्धंच ऐकून उरलेलं मी जुळवत आलो होतो.

मी घड्याळ काढून बायकोसमोर टेबलावर ठेवलं. "पूर्ण मिनिट. सांग."

ती वॉर्डातल्या एका मुलीबद्दल सांगू लागली. आधी आपल्या बुटाला इंजेक्शन द्यायला लावायची ती मुलगी. मग दुसऱ्या एकाबद्दल. मिनिट केव्हाच उलटलं होतं.

गुरुवारी तिने मुलांची शाखा भरली. तक्त्यात फॅमिली अजून चार गुणांनी पुढे आहे. चुकलेलं उत्तर दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. हे तसंच ठेवलंय.