करसो पाऊस अडवतो

पाऊस अडवायचा धंदा म्हणजे नुसता डोक्याला ताप. पाऊस नाही पडला तर लोक म्हणणार, तो पडणारच नव्हता. पडला तर शिव्या खायला करसो आहेच. असला धंदा करणारा माणूस खूश असल्याचं अख्ख्या जावा बेटावर कुणी पाहिलं नसेल, आणि करसो तर मुळातच चिडका.

यंदा पाऊस आधीच लांबलेला. त्यात गावप्रमुखाने लेकीचं लग्न काढलं, मोठा मांडव घातला आणि तो उतरेपर्यंत थेंबही पडता कामा नये म्हणून करसोला कामाला लावलं. करसोने मांडवामागे नारळाच्या हिरांचा खराटा उलटा रोवला, टोकांना लाल मिरच्या नि कांदे टोचले. स्वतः कोरड्या पांढऱ्या भातावर राहिला. अंगाला पाणी लावणंही बंद. काम संपेपर्यंत आंघोळ सोडाच, तोंडसुद्धा धुवायचं नाही. अंग भिजलं की आभाळ सुटतं, हे बापापासून चालत आलेलं. घामाने अंग नुसतं खाजत होतं आणि वर जवळ येणारा प्रत्येक जण नाक मुरडत होता.

आणि ढग खरंच आले. मेरापी डोंगराच्या बाजूने काळेकुट्ट चढले आणि गावावरून सरळ पुढे निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मांडवातल्यांनी करसोची वाहवा केली, शिवारातल्यांनी त्याचा उद्धार केला, कारण तिकडे भाताची रोपं पिवळी पडत होती. त्यातला एक वाफा त्याच्या बायकोचा, वागियेमचा. रोपं गेली तर लावणी नाही, आणि लावणी नाही तर वर्षभर खायचं काय, हे तिला रात्रंदिवस खात होतं.

लग्नाच्या दिवशी दुपारी तो भात खायला घरी आला, तेव्हा ती अंगणात आभाळाकडे बघत उभी होती. ढग पुन्हा चढले होते.

"अहो, सोडा आता पावसाला," ती म्हणाली.

"मांडव उतरू दे. संध्याकाळी सोडतो. शब्द दिलाय मी."

"ढग थांबणार आहेत का संध्याकाळपर्यंत? त्यांच्या पाहुण्यांचे कपडे भिजतील म्हणून मी उपाशी मरू?"

"अगं, माझं काम आहे ते. लोक काय म्हणतील?"

"लोकांच्याच घरी जेवा मग."

ती न्हाणीत गेली, भरलेली बादली घेऊन आली आणि काही कळायच्या आत त्याच्या डोक्यावर रिकामी केली.

करसो संतापला. पण दोघांचंही लक्ष वर गेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पाऊस हवा होता. पड बाबा, तो मनात म्हणत राहिला, एकदाचा पड. ढग घरावर आला, थोडा रेंगाळला आणि निघून गेला. लख्ख ऊन पडलं.

वागियेम अजून वरच बघत होती. ती हळूच म्हणाली, "म्हणजे तुमच्या हातात काहीच नव्हतं?"

तेवढ्यात गावप्रमुखाचा गडी पोनिमान लग्नाच्या जेवणाचा डबा घेऊन फाटकातून आत आला. "कमाल केलीत, करसोबाबा. आजचाही परतवलात. प्रमुख म्हणाले, धाकटीच्या लग्नालाही तुम्हीच." मग त्याची नजर करसोच्या सदऱ्यावर गेली आणि तो चरकला. "हे काय, भिजलात कसे?"

करसोने तोंडावरचं पाणी पुसलं.

"घाम आहे," वागियेम म्हणाली. "फार जोर लावावा लागतो त्यांना."

पोनिमान मान डोलवत गेला. करसोला वाटलं, यापेक्षा हिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती रिकामी बादली उचलून ओढ्याकडे निघाली, रोपांना पाणी घालायला. तो दुसरी बादली घेऊन मागे गेला, तशी ती थांबली.

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. "मांडव उतरायचाय अजून. पाण्याजवळ कुणी बघेल तुम्हाला."