साहेबांचा नऊ नंबर

ऐंशीच्या दशकात नागपूरच्या एका सरकारी कचेरीत मी प्रोग्रॅमर होते. आमच्या साहेबांना कॉम्प्युटरमधलं एकच काय ते येत होतं: चालू प्रोग्रॅम मारून टाकणं. तेवढ्या भांडवलावर ते तज्ज्ञ म्हणून मिरवायचे.

त्या दिवशी संध्याकाळी काटोलला माझ्या धाकट्या बहिणीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. साहेबांना तसं सांगून ठेवलं होतं. सकाळपासून माझा प्रोग्रॅम टेपवरची माहिती जुळवत होता. ते काम त्याच दिवशी द्यायचं होतं. ते संपलं की मी बस पकडणार होते. दुपारी टेप अडकली आणि प्रोग्रॅम तिची वाट पाहत झोपला.

"ताई, साफ करून राहिलो," ऑपरेटर म्हणाला. "होऊन जाईन."

पण साहेबांना धीर कुठला? थांबण्याचा साधा सिग्नल दिला असता, तर प्रोग्रॅमने झालेलं काम जपून ठेवलं असतं. तशी सोय मी मुद्दाम केली होती. साहेबांनी दिला नऊ नंबरचा, थेट जीव घेणारा. त्यापुढे कुठल्याच सोयीचं काही चालत नाही. तरी प्रोग्रॅम जागचा हलेना. साहेब तोच हुकूम पुन्हा पुन्हा बडवत राहिले.

"काहून मरून नाही राहिलं हे?"

मी सांगितलं, मशीनचा सगळा कारभार पाहणारं कर्नेल आलेल्या सिग्नलची नुसती खूण करून ठेवतं. कितीदाही पाठवा, खूण एकच. टेपसाठी झोपलेल्या प्रोग्रॅमला ते मध्येच उठवत नाही. टेप सुरू होऊन तो जागा झाला, की तिथल्या तिथे संपवतं.

"मग घ्या परत," साहेब म्हणाले.

पाठवलेला सिग्नल परत घेता येत नाही, एवढंही या तज्ज्ञाला ठाऊक नव्हतं. ते चहाला निघून गेले.

ऑपरेटर मन लावून पुसत होता. त्याला थांब म्हणून उपयोग नव्हता. टेप चालल्याशिवाय काम पुन्हा तरी कसं लावणार? "झालं, ताई," तो हसून म्हणाला. टेप फिरली आणि माझा प्रोग्रॅम मेला.

साहेब परतले, पडद्याकडे पाहून खूश झाले. "शेवटी ऐकलंच ना माझं?"

मी सगळं पहिल्यापासून लावलं. काटोलची शेवटची बस गेली तेव्हा मी त्या टेपसमोरच बसले होते. इतका संताप मला पुन्हा कधी आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी माझ्या टेबलाशी येऊन हात पुढे केला.

"साक्षगंधाचे पेढे कुठं आहेत, मॅडम?"