‘अधिक माहितीसाठी इथे पाहा’

डॉ. बोकारे एरवी मेसेज करतात. त्या सकाळी त्यांनी फोन केला आणि सरळ विचारलं, “वर्षा, आपल्या ब्लॉगवर ‘हात दोन ठिकाणी घट्ट बांधा’ असं कोणी लिहिलं?”

“कोणत्या लेखात, सर?”

“साप चावल्यावर काय करावं, त्या लेखात.”

तो लेख मला जवळजवळ पाठ होता. “सर, आपल्या लेखात नेमकं उलट आहे. बांधू नका, कापू नका, चोखू नका. मजकूर तुम्हीच दिला होता.”

“मग पेशंटचा नवरा इथे माझ्यासमोर उभा राहून खोटं बोलतोय का? तो म्हणतो, तुमच्याच वेबसाइटवर वाचलं. तू ये.”

मी नागपुरात धरमपेठेतल्या एका छोट्या डिजिटल एजन्सीत कंटेंट एडिटर आहे. दुसऱ्यांच्या वेबसाइटवरचे ब्लॉग सांभाळणं हे माझं काम. लेख लिहून घ्यायचे, तपासायचे, वेळोवेळी दुरुस्त करायचे. डॉ. बोकारे ज्या खासगी रुग्णालयात आहेत, त्या रुग्णालयाचा ब्लॉग माझ्या आधीच्या एडिटरने सुरू केला होता. नंतर तो माझ्याकडे आला. सर्पदंशाचा लेख हे त्या ब्लॉगचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान. पावसाळ्यात तर बाकीचे सगळे लेख मिळून जेवढे वाचले जात नाहीत, तेवढा हा एकटा वाचला जातो.

मी गाडी काढली आणि रुग्णालयात गेले.

पेशंटचं नाव कुंदा. कळमेश्वरजवळच्या गावातली. घरामागचा विटांचा ढीग हलवताना तिच्या उजव्या हाताला घोणस चावली होती. नवरा गजानन कळमेश्वरच्या एमआयडीसीत फिटर. तो वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला होता. अंगात अजून कंपनीचा शर्ट.

“दादा, तुम्ही काय वाचलं ते मला दाखवता का?”

त्याने फोन काढला. “ताई, मी तिले मांत्रिकाकडे नाही नेलं. सगळे म्हणत होते, न्या म्हणून. मी म्हटलं, दवाखान्याचंच काय ते पाहू.”

त्याने आमचा लेख उघडला. तोच होता. बांधू नका, हे वाक्यही होतं. तो भराभर खाली गेला. “हे मी वाचलं. पण इथं शेवटी लिहून आहे, अधिक माहितीसाठी इथे पाहा. मी म्हटलं, अधिक आहे तं पाहून घेऊ. दाबलं.”

दुसरं पान उघडलं. वर एका वयस्क माणसाचा फोटो, हातात साप पकडायची काठी. खाली विदर्भातल्या सापांची माहिती, चांगल्या, साध्या मराठीत. आणि मधेच एक चौकट. चावलेल्या जागेच्या वर आणि खाली घट्ट बांधा, आमचा विषनाशक लेप लावा, या नंबरवर फोन करा.

गजाननने फोन केला होता. पलीकडच्या माणसाने सांगितलं, पेशंटला हलवू नका, आमचा माणूस लेप घेऊन निघालाच आहे. घरचे परकराच्या नाडीने हात बांधून वाट पाहत बसले. कोणीही आलं नाही. हात काळानिळा पडायला लागला, तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिला इथे आणलं.

“पण दादा, ही आमची साइट नाही,” मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. “कोणची साइट कोणाची, हे मले काय समजते ताई? तुमीच तं म्हटलं, इथे पाहा. मले वाटलं, डॉक्टरच सांगून राहिले.”

मी त्या पानाचा पत्ता लिहून घेतला.

आता हे झालं कसं, ते सांगते. आपल्या पानावरून दुसऱ्याच्या वेबसाइटवर नेणाऱ्या दुव्याला आउटबाउंड लिंक म्हणतात. चांगल्या लेखात अशा दोनचार लिंक असाव्यात असं आमच्या धंद्यात मानतात. वाचकाला पुढे वाचायला मिळतं, गूगललाही लेख अभ्यासपूर्ण वाटतो. माझ्या आधीच्या एडिटरने खापरखेड्याच्या एका सर्पमित्राच्या वेबसाइटची लिंक दिली होती. तेव्हा ती साइट उत्तमच होती.

पण वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, कोणाच्या कायमच्या मालकीचं नसतं. ते ठरावीक मुदतीसाठी घ्यायचं असतं आणि मुदत संपली की रिन्यू करायचं असतं. केलं नाही, तर ते पुन्हा बाजारात येतं आणि कोणीही घेऊ शकतं. अशा जुन्या पत्त्यांवर डोळा ठेवून असणारे लोक असतात. त्यांना पत्ता हवा असतो तो त्याच्या विश्वासार्हतेसाठी. शाळा, रुग्णालयं, वर्तमानपत्रं यांच्या लिंक त्याच्याकडे आधीच वळलेल्या असतात. सर्पमित्राचा पत्ता असाच सुटला होता. तो घेणाऱ्या नव्या मालकाने सर्पमित्राचा मजकूर आणि फोटो तसेच ठेवले आणि मधे आपलं दुकान मांडलं.

आमच्याकडे लिंक तपासायचं सॉफ्टवेअर आहे. ते दर महिन्याला रिपोर्ट देतं. त्यात ही लिंक हिरवी होती. कारण सॉफ्टवेअर एवढंच पाहतं की पान उघडतं की नाही. उघडलं की त्याच्या दृष्टीने सगळं ठीक. लिंक तुटली असती, तर गजाननला कोरं पान दिसलं असतं आणि त्याने बायकोला थेट दवाखान्यात आणलं असतं.

मी तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून लिंक काढली. मग ऑफिसात येऊन आमचे बॉस निखिल यांना सांगितलं.

“काढली ना लिंक? मग विषय संपला,” ते म्हणाले.

“लेखावर सूचना टाकायला हवी. ज्यांनी आधी वाचलंय त्यांच्यासाठी.”

“सूचना म्हणजे कबुली, यार. क्लायंट जाईल हातचा. उद्या त्या माणसाने केस केली तर?”

रुग्णालयाच्या अ‍ॅडमिन मॅडमही तेच म्हणाल्या. त्यांनी शब्द फक्त जास्त सौम्य वापरले. “आपल्या लेखात तर चूक नव्हतीच ना? मग आपण कशाला अंगावर घ्यायचं?”

डॉ. बोकारेही त्या मीटिंगमध्ये होते. ते म्हणाले, “मॅडम, पावसाळा संपायचाय अजून. परवा ज्याने ते पान वाचून ठेवलंय, त्याला आज साप चावला तर तो काय करेल? बांधेल. आणि मग माझ्याकडेच आणतील. सूचना माझ्या नावाने टाका.”

त्यांच्या नावाने टाकली. लेखाच्या अगदी वर. इथे पूर्वी एका वेबसाइटची लिंक होती, तिथली माहिती आता चुकीची आणि धोकादायक आहे, ती पाळू नका. साधी चार वाक्यं. निखिल सर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मग मी खापरखेड्याला गेले. त्या फोटोतले गृहस्थ वानखडे काका. वीज केंद्रातून निवृत्त झालेले, कॉलनीत आणि आसपासच्या गावांत साप पकडून जंगलात सोडणारे. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी फोनवर पान दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, स्वतःचा फोटो पाहिला, मग ती चौकट वाचली.

“पण मी तं हे बंद केलं होतं न पोरी. कोणी पाहतच नव्हतं म्हणून पैसेच भरले नाही. दुकान बंद केलं का शटर पडते. हे उघडं कसं राह्यलं?”

मी समजावलं. त्यांना ते पटायला वेळ लागला. त्यांना सगळ्यात जास्त राग आला तो फोटोचा. “माह्या तोंडानं लेप विकून राह्यले हे. मी आयुष्यभर लोकायले सांगितलं, लेपबिप काही नसते, दवाखान्यात जा.”

ते म्हणाले, माझा सगळा मजकूर घ्या आणि दवाखान्याच्या साइटवर टाका. मलाही आधी तेच सुचलं होतं. पण त्यात अडचण होती. तोच मजकूर त्या जुन्या पत्त्यावर कितीतरी वर्षांपासून होता. आता आम्ही तो छापला, तर गूगलच्या लेखी तो पत्ता मूळ आणि आम्ही नक्कल. नकलेला गूगल मागे ढकलतं. म्हणजे शोधणाऱ्याला पुन्हा तेच पान आधी दिसणार.

“म्हणजे माहं लिव्हलेलं मीच चोरलं, असं होईल?” काकांनी विचारलं.

“गूगलला तसंच वाटेल.”

काकांनी फोन मला परत दिला. मग म्हणाले, “काढून टाका म्हणावं मंग त्याइले.”

ती तक्रार आम्ही केली. काकांच्या कॉम्प्युटरमध्ये मूळ फोटो होते, त्यांच्या आधारे, ती साइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर होती तिला काकांच्या नावाने लिहिलं. बरेच आठवडे ठरावीक उत्तरं येत राहिली. शेवटी फोटो आणि मजकूर उतरला. लेपाचं दुकान मात्र त्याच पत्त्यावर चालूच राहिलं. फसवणुकीची वेगळी तक्रार गजाननने पोलिसांकडे दिली आहे. तिचं पुढे काही कळलं नाही.

तोवर आम्हाला नवा लेख हवा होता, आणि तो खरोखरच नवा हवा होता. निखिल सर म्हणाले, “एआयला सांग ना. पाच मिनिटांत देईल.” मी करून पाहिलं. भाषा स्वच्छ होती. त्यात आपल्या भागातल्या विषारी सापांमध्ये नागराजही, म्हणजे किंग कोब्राही, होता. काकांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, “नागराज इकडं कुठं पाह्यला यायनं? मले तं अजून नाही भेटला.”

मग मी पुन्हा रुग्णालयात गेले. कुंदा आता बसत होती. हाताला जाड पट्टी. त्वचेचं एक ऑपरेशन झालं होतं. मी तिला म्हणाले, तुमच्या वेळी कोणती गोष्ट माहीत असती तर बरं झालं असतं, ते सांगा.

तिने पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाली, “बांगड्यायचं लिव्हा.”

“म्हणजे?”

“हात फुगत होता न, तं बांगड्या रुतत होत्या. मले समजत होतं, काढल्या पाहिजे. पण हात रिकामा काहून करू, असं वाटलं. सासूबाई समोर होत्या. त्याही काही बोलल्या नाही. मंग इथं आल्यावर कापाच लागल्या.” तिने डाव्या हाताने पट्टीवरून बोट फिरवलं. “दवाखान्यानं लिव्हलं असतं का, बांगड्या काढा, त्यात अशुभ काही नाही, तं मी काढल्या असत्या. त्याही काढ म्हटल्या असत्या.”

आमच्या जुन्या लेखात एक ओळ होती: ‘घट्ट दागिने काढावेत.’ ती बरोबर होती. पण ती वाचून कोणत्याही बाईने बांगड्या काढल्या नसत्या. बांगडीला आपल्याकडे कोणी दागिना म्हणून मोजत नाही.

मी डॉ. बोकारेंना हे सांगितलं. ते म्हणाले, “शिकवताना हजारदा सांगितलंय, दागिने काढा. बांगड्या हा शब्द कधी तोंडी आला नाही.”

गजाननला मी विचारलं, त्या दिवशी त्याने गूगलवर नेमकं काय टाइप केलं होतं. “साप चावला काय करू,” तो म्हणाला. आमच्या लेखाचं शीर्षक होतं ‘सर्पदंश: प्रथमोपचार व व्यवस्थापन’. ते बदललं.

नवा लेख तिघांचा झाला. औषधाचा भाग डॉक्टरांचा, सापांचा भाग आणि फोटो वानखडे काकांचे, आणि बांगड्यांचा परिच्छेद कुंदाच्या शब्दांत, तिच्या परवानगीने, नाव न घालता. काकांचं नाव लेखक म्हणून छापलं. पहिल्याच ओळीत रुग्णवाहिकेचा आणि रुग्णालयाचा नंबर, मोठ्या अक्षरांत. शेवटी ‘अधिक माहितीसाठी’ काहीच नाही. वाचून झालं की माणसाने दवाखान्यात जावं, एवढंच आम्हाला हवं होतं.

मग ब्लॉगवरच्या बाकीच्या सगळ्या आउटबाउंड लिंक मी एकेक करून हाताने उघडल्या. बऱ्याच ठीक होत्या. मधुमेहाच्या लेखातली एक लिंक ऑनलाइन जुगारावर जात होती. रिपोर्टात तीही हिरवीच होती. निखिल सरांना ती उघडून दाखवली. त्यांनी लिंक हाताने तपासायचं काम कामाच्या यादीत कायमचं घातलं. क्लायंट गेला नाही.

कुंदाचा हात वाचला. दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत, आणि डॉक्टर म्हणतात, ती आता तशीच राहतील. ती घरचं सगळं करते, पण पोळ्या गजानन लाटतो. त्याने केस केली नाही.

एखादा नवा ब्लॉग हातात आला, की त्यावर किती लेख आहेत, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, या लेखांतून बाहेर कुठे कुठे जाता येतं आणि तिथे शेवटचं कोण जाऊन आलं. कुठे जाता येतं, याचं उत्तर कधीकधी मिळतं. शेवटचं कोण जाऊन आलं, याचं अजून कोणी दिलेलं नाही.