नावेला काठ लागू न देणारे साडभाऊ

हौसेनं नाव विकत घ्यायची आणि मग तिला कधी काठाला टेकू द्यायचं नाही, असा माणूस अख्ख्या सौंसर-पांढुर्ण्यात एकच आहे आणि तो नेमका माझा साडभाऊ आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सौंसरला गणिताचे मास्तर होते, रामाकोन्याला संत्र्याची बाग आहे. शाळेतून मोकळे झाल्यावर माणसानं स्वस्थ बसावं की नाही? यांनी चार माणसांची, वल्ह्यांची फायबरची नाव आणली आणि मोहगावकडच्या तलावात सोडली. "बायकोले फिरवीन म्हनून घेतली जी," असं पांढुर्ण्याला आमच्या घरी येऊन सांगूनही गेले.

फिरवलं मात्र मला. दर रविवारी! त्या तलावाचा काठ मुरमाड आहे. नाव काठावर चढवली की खालचा चकचकीत थर घासतो, हे यांनी कुठं तरी वाचलं आणि तिथंच माझ्या पायांचं वाटोळं झालं. काठ दहा हातांवर असताना हे वल्ही थांबवणार आणि म्हणणार, "उतरा जी." खाली गुडघाभर पाणी आणि चिखल. मी संतापून म्हणायचो, "अहो, नाव माणसासाठी की माणूस नावेसाठी?" त्यावर शांतपणे उत्तर यायचं, "तुमचे पाय धुतले का साफ होतेत. थर गेला का गेला." माझे दोन जोडे त्या चिखलात गेले, त्याचं यांना सुतक नाही. परत आल्यावर मात्र पाण्यात वाकून नावेच्या पोटावरून हात फिरवत बसायचे.

एका पोळ्याला तर कहरच झाला. आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात. यांनी नाव चार जणांकडून उचलून बागेत आणवली, उलटी घातली आणि पळसाच्या पानांनी तिचा तळ शेकला! "वर्षभर वजन तेच सोसते, मंग तिचं काऊन नाई शेकाचं?" तूप घरचं, चांगलं वाटीभर. तासाभरात गावातली सगळी कुत्री जमली आणि नाव चाटून लख्ख केली. लोक हसून राहिले होते आणि हे मला गंभीरपणे विचारत होते, "कुत्र्याच्या जिभेनं थर झिजत असंन काय जी?"

हे सगळं मी सोसलं असतं. पण माझा खरा राग मेहुणीसाठी होता. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. चिखलातून पाण्यात जाऊन नावेत चढणं तिला शक्यच नव्हतं. दोन वर्षं ती बिचारी काठावर सतरंजी टाकून बसायची आणि आम्ही दोघे बाप्ये पाण्यात गोल गोल फिरायचो. मला लाज वाटायची. यांना थराची काळजी!

मग एका रविवारी ती घरातून निघालीच नाही. मी आत जाऊन विचारलं, तर म्हणाली, "काऊन येऊ भाऊजी? तुमाले पाहाले? मायासाठी घेतली म्हनते, अन् मीच नाई बसली." साडभाऊ दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं. त्या दिवशी ते तलावावर गेले नाहीत, जेवलेही नाहीत.

पुढच्या रविवारी ते तिला स्कूटरवरून घेऊन आले. काठावर बसवलं, स्वतः नावेत गेले, लांबून वळवली आणि जोर लावून सरळ मुरमावर घातली. असा करकरीत आवाज झाला की माझेच दात आंबले. "अहो, हळू!" मीच ओरडलो. दोन वर्षं काठावर चढवा म्हणून भांडणारा मी! त्यांनी तळाकडे पाहिलंसुद्धा नाही. हात पुढं केला आणि म्हणाले, "ये." ती कोरड्या पायांनी आत जाऊन बसली. तिचं वजन पडल्यावर नाव हलेना, म्हणून मी ढकलली. पुन्हा तसाच आवाज. मी चढावं म्हणेपर्यंत ते पुढं गेलेही होते.

दोघं समोरासमोर बसली होती. ती पाण्यात हात घालून हसत होती आणि हे तिच्याकडे बघत वल्ही मारत होते. मला रागावायचं होतं, पण राग येईना. बायकोला फोन लावला. "काय करून राहिली?" "भांडे घासून राहिली. काऊन?" म्हटलं, "काही नाही." सांगण्यासारखं खूप होतं, पण तसलं बोलायची सवय आम्हाला लागलीच नाही.