कोंब फुटणाऱ्या बदामांच्या शोधात : जळगाव ते धुळे

"बदाम आणायला कोणी जळगावला जातं का?" नवऱ्याने विचारलं. नाशिकच्या आमच्या गल्लीतही बदाम मिळतात, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. पण मला कोंब फुटेल असे बदाम हवे होते.

झालं असं की, घरी बदामाचं दूध करायला लागल्यापासून मी त्यावर मिळेल ते वाचत होते. तेव्हा कळलं की काही देशांत 'कच्चे' म्हणून विकले जाणारे बदामही आधी वाफेने किंवा गॅसने पाश्चराइज केलेले असतात. जंतू मरावेत म्हणून. मी घरातले बदाम भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवले. चार दिवसांनी कोंब नाहीच, नुसता आंबूस वास आला. मग जळगावच्या वैशालीला फोन केला. ती माझी कॉलेजातली मैत्रीण, तिथल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ती म्हणाली, "इथल्या बाजारात टरफलासकट बदाम येतात. ये तू, बघू." धुळ्याला माझी मोठी बहीण, अक्का, राहते. तिलाही भेटणं होईल. बॅग भरायला मला एवढं कारण पुरेसं होतं!

नाशिक रोडहून सकाळची गाडी पकडली की दुपारच्या जेवणाला जळगाव येतं. चाळीसगावनंतर खिडकीबाहेर कपाशी, पुढे केळीच्या बागा. वैशाली स्टेशनवर स्कूटर घेऊन हजर होती. आधी भरीत-भाकरी. थंडीत जळगावला जाणार असाल तर हे चुकवू नका. हिरव्या वांग्याचं, कांद्याची पात घातलेलं भरीत आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. दोघींनी पोटभर खाल्लं, तरी नाशिकच्या एका थाळीइतकं बिल झालं नाही.

मग बाजार. पहिल्या दुकानात मी विचारलं, "हे बदाम पाश्चराइज केलेले आहेत का?"

दुकानदार क्षणभर बघत राहिला. "ताई, दूध समोरच्या डेअरीत मिळेल."

वैशाली हसून हसून खांबाला टेकली. पुढच्या दुकानात "एकदम कच्चा, गॅरंटी" असं सांगितलं गेलं, पण चाखला तर बदाम भाजलेला! तिसरं दुकान ललितभाऊंचं. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि सरळ म्हणाले, "पाकिटातल्याचं मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू? हे टरफलाचे पोत्यात येतात, गिऱ्हाईक आपलं आपण फोडून घेतं. आणि ही गुरबंदी, बदामाचीच जात. लहान, तेलकट. एखादा कडू निघतो, तो थुंकून टाकायचा, खायचा नाही."

मी लगेच एक चाखला आणि नेमका कडूच निघाला! माझं तोंड बघून भाऊंनीच पाण्याचा तांब्या पुढे केला. टरफलाचे बदाम किलोभर घेतले. गुरबंदी आणि पाकिटातले मूठ-मूठभर त्यांनी तपासायला फुकटच दिले. "कोंब फुटला तर फोन करा," म्हणाले. "मलापण कळू द्या, मी काय विकतो ते!"

संध्याकाळी वैशालीच्या स्वयंपाकघरात बदाम फोडण्याचा कार्यक्रम. तीन वाट्यांत तीन प्रकार भिजत घातले. वैशाली मध्येच म्हणाली, "कोंब आला म्हणजे त्याला गरमी लागली नाही, एवढंच कळेल. जंतूंनाही लागली नसेल, हे लक्षात ठेव." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर ऐकलं नाही. मला फक्त कोंब दिसत होता.

सकाळी पाणी काढून टाकलं, फडकी बांधली, डब्यांत भरली, वैशालीने रजा टाकली आणि दोघी धुळ्याच्या एसटीत बसलो. जळगाव-धुळे गाड्या सतत असतात, रस्ताही आता रुंद झालाय. एरंडोल गेलं, पारोळा आलं. पारोळ्याच्या स्टँडवर मी डबा उघडून पाहिलाच. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "प्रसाद शे का?" मी म्हटलं, "नाही हो मावशी, अजून व्हायचाय."

अक्का दारातच उभी होती. दोन वर्षांपूर्वी तिची किडनी बदलली. त्यानंतरचं तिचं पथ्य, तिच्या गोळ्या आम्हा सगळ्यांना पाठ आहेत, असं मी समजत होते. "हाई काय लई उनी वं?" हे काय आणलंस, म्हणून तिने डब्यांकडे बोट दाखवलं. मी सगळी कथा सांगितली. तीही माझ्याइतकीच रंगली. रात्रीच्या शेवभाजीच्या तिखट वासातही आम्ही बदामांचंच बोलत होतो. अक्काची भाजी अर्थातच बिनतिखटाची.

सकाळी कोंब फुटल्याच्या अक्काच्या हाकेनेच जाग आली. "कोम फुटना! ऊठ वं, कोम फुटना!"

धावत गेलो. पाकिटातले बदाम होते तसेच होते. गुरबंदीतले दोन-चार फुगलेले. पण टरफलातल्यांची टोकं उकलली होती आणि आत पांढराशुभ्र, दुधाच्या दातासारखा कोंब! मी अक्षरशः उड्या मारल्या. अक्काने टाळ्या वाजवल्या, एक बदाम सोलला आणि तोंडाकडे नेला.

वैशालीने तिचा हात धरला. "अक्का, नको. तुम्ही नाही."

अक्काच्या गोळ्या तिची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवतात. ज्याला काहीच गरमी लागलेली नाही, जे अख्खा दिवस आणि रात्र ओल्या फडक्यात उबलंय, ते मी तिच्या घरात कौतुकाने आणलं होतं. तिच्या दवाखान्यात फोन लावला. तिकडून स्पष्ट उत्तर आलं, कच्चं आणि कोंब आलेलं काही द्यायचं नाही. नीट शिजवलेलं चालेल, तेही बेताने.

आपल्यासाठी नुसतं बघणंच का, म्हणून अक्काचा चेहरा पडला. "मंग मनाकरता काय? निस्तं दखाले?"

मग तिनेच पदर खोचला. "उकाळी टाक बठ्ठा. खीर करूत."

बदाम खळखळून उकळले, सोलले, वाटले, दुधात पुन्हा शिजवले. वेलदोडा, थोडी साखर. अक्काने छोटी वाटी घेतली. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "भलती गोड शे," म्हणाली. मी तिच्याकडे बघत माझी वाटी तशीच धरून बसले होते.

जाण्याआधी ललितभाऊंना फोन केला. ते दुकानात ओरडूनच सांगत असावेत, "फुटला! आपल्या बदामाला कोंब फुटला!" मागून कोणीतरी विचारलं, "मग भाव वाढवणार का?"

नाशिकला येऊन आता आठवडा झाला. उरलेले टरफलाचे बदाम रोज थोडे फोडून कोंबासाठी फडक्यात बांधते, माझं दूध त्यांचंच होतं, चव खरंच वेगळी लागते. पाश्चराइज म्हणजे बदामाचा जीव घेणं, असं मी जाताना तावातावाने म्हणत होते. तसं आता म्हणवत नाही. काल शेजारच्या वहिनी वाटी घेऊन आल्या, त्यांनाही कोंबाचे बदाम हवे होते. मी डबा काढला, झाकणावर हात ठेवला आणि आधी विचारलं, "कोणासाठी?"

"सुनेसाठी. पाचवा महिना लागलाय ना."

मी डबा ओट्यावर ठेवला आणि आधी बदाम उकळायला गॅसवर पाणी ठेवलं.