मागून म्हणणारी माणसं

इचोड्याच्या स्टँडवर हैदराबादची बस लागली तेव्हा बाबा माझ्या ट्रंकेला दोरी बांधत होते. पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी सिकंदराबादला नर्सिंग शिकायला निघाले होते. जेवणखाण, पत्ता, सोबत, यातलं बाबांनी काहीच विचारलं नाही. "देवळात तोंड उघडून म्हन," ते म्हणाले. "पुटपुटू नोको. देव काई बाजूले नाही बसला."

आमच्या पत्र्याच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बाबा पेटी वाजवायचे आणि गाणं सांगायचे. सांगायचे म्हणजे, गावातच राहिलेल्या तुम्हा मंडळींना आठवतच असेल, ते एक ओळ म्हणायचे आणि आपण सगळे तीच ओळ मागून म्हणायचो. पुस्तक एकच, तेही बाबांच्या हातात. स्तोत्राला चाल ज्वारी खुडतानाच्या गाण्याची, आणि ओळ आवडली तर तीन-तीनदा. उपासना संपेपर्यंत घरी भाकरी गार व्हायच्या.

सिकंदराबादला पहिल्याच रविवारी गायनमंडळाने तेलुगूत एक ओळ म्हटली आणि मी, बाबांनी बजावल्याप्रमाणे, ती मागून म्हटली. एकटीने. अख्ख्या देवळाने माना वळवल्या. खर्जाच्या रांगेतला प्रभाकर नावाचा एक तेलुगू क्लार्क इतका हसला की त्याच्या हातातलं पुस्तक पडलं.

नर्सिंगच्या मुलींनी गायनमंडळात बसायचं हा हॉस्टेलचा नियम होता, त्यामुळे मला काढताही येईना. गायनमास्तरांनी तोड काढली. "सिस्टर, आप सिर्फ होंठ हिलाइए." मी दोन वर्षं नुसते ओठ हलवले. बाबांना मात्र लिहीत राहिले, मी गायनमंडळात आहे, पहिल्या रांगेत. तसं खोटं नव्हतं, पण पत्र पेटीत टाकताना लाज वाटायची.

मग बाबांचं कार्ड आलं, तुझं गाणं ऐकायला येतो. आले, नवं धोतर नेसून, तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन, आणि तिसऱ्या बाकावर बसले. लेक दोन वर्षं मुकी बसते आहे, हे आता त्यांना कळणार होतं.

त्या दिवशी स्तोत्र होतं पठणाच्या सुरात. सगळी ओळ एकाच सुरावर सरळ न्यायची, शेवटचे दोन शब्द जरा वरखाली करायचे आणि थांबायचं. थांबले तिथेच चुकलं. गायनमंडळाने श्वास घेतला आणि त्या शांततेत बाबांनी ती ओळ मागून म्हटली. शब्द तेलुगू, चाल ज्वारीच्या शेतातली. मास्तरांचा हात हवेतच राहिला. दुसऱ्या ओळीलाही तेच. लोक खुसखुसायला लागले, प्रभाकरचं पुस्तक पुन्हा पडलं. बाबा माझ्याकडे बघत होते. ते एकटेच म्हणताहेत हे मला बघवेना. तिसऱ्या ओळीला मी तोंड उघडलं. आम्ही दोघांनी ती म्हटली, आवडली म्हणून तीनदा. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "इथं कोनी मांगून काऊन म्हनत नाही? आपलं म्हननं कोनी आयकलं, हे मानसाले समजावं कसं?" मी रडत दोन वर्षांचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तुरीच्या शेंगा मास्तरांना देऊन आले.

मला गायनमंडळातून काढलं, नियम असूनही. प्रभाकरशी मात्र लग्न झालं. बाबा आता नाहीत. गावच्या देवळात कीबोर्ड आलाय, प्रत्येकाच्या हातात पुस्तक आहे. नाताळात गेले की तिथेही मी एकटीच एक ओळ मागे राहते आणि पोरं वळून बघतात. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा फार लागलं होतं.

गावाला परत कधी येणार, असं तुम्ही पत्रातून विचारता. इथे रविवारी वरणाला फोडणी देताना मी बाबांची एक ओळ म्हणते आणि थांबते. बाहेरच्या खोलीत प्रभाकर पेपर वाचत असतो. जन्मभर खर्ज लावलेला माणूस, चाल त्याला कधी जमली नाही, मराठी तर त्याहून नाही. पेपर खाली ठेवल्याचा आवाज येतो आणि माझी ओळ मागून ऐकू येते, साफ बेसूर. मग मी पुढची सांगते.