तारप्याला पाठ

"फिर!"

पाळी सुटली की सातिवलीच्या त्या कारखान्याच्या गेटवर रखवालदार आम्हाला एवढंच म्हणायचा. आम्ही पाड्यावरच्या वारली बाया. भिंतीकडे तोंड करायचं, हात वर करायचे. तो पाठीवरून, कमरेवरून हात फिरवायचा. तांब्याच्या तारा चोरल्या असतील म्हणून. बाकीच्या बाया डबे वाजवत सरळ बाहेर जायच्या. झडती फक्त आमची. लाजेनं जीव जायचा. तरी फिरायचे. घरी चूल पेटवायची होती.

कारखाना उभा होता तिथं पूर्वी आमचं खळं होतं. भात झोडून झालं की माझा बाप तिथं तारपा वाजवायचा. वाळलेल्या दुधीचं, ताडाच्या पानांचं ते लांब वाद्य. तो वळेल तसे आम्ही वळायचो, एकमेकांच्या कमरेत हात घालून. तारप्याला पाठ दाखवायची नाही, हे चालायला लागल्यापासून ठाऊक.

नवं मशीन आलं तेव्हा मालकाला पाहुण्यांसमोर आदिवासी नाच हवा झाला. बापाला बोलावणं धाडलं. आम्हाला कामावरून उठवून नाचायला लावलं. फोटोवाला कुरकुरला, तोंडं दिसत नाहीत. कारखान्याचा साहेब ओरडला, "पाहुण्यांकडे तोंड करा!"

मी म्हटलं, "तारप्याला पाठ नाय दाखवत आमी."

"का गं, भोपळा रागावतो?"

पाहुणे खदखदून हसले. त्यांच्या बायकासुद्धा. साहेबानं खांदे धरून मला पाहुण्यांकडे वळवलं. "फिर!"

तोच शब्द. गेटवरचा. माझ्या डोक्यात सणक गेली. खांदे सोडवून मी बापाकडे वळले. साहेबानं बापाच्या हातातला तारपा हिसकला आणि फरशीवर आपटला. दुधी फुटला. बाप गुडघ्यांवर बसून तुकडे वेचू लागला. फोटोवाल्यानं त्याचा तेवढा फोटो काढला.

"चाल पोरी," बाप म्हणाला.

गेटवर रखवालदार होताच. "फिर!"

मी फिरले नाही. त्याच्यासमोर उभी राहिले. "झडती घ्यायची तं माज्या तोंडाकडं बघून घे."

त्यानं थोबाडीत मारली. मी तशीच उभी. बापाच्या ओंजळीत दुधीचे तुकडे होते, त्याला हातही उचलता आला नाही.

माझं काम गेलं. बापानं पुन्हा तारपा बांधला नाही. ज्याच्यासाठी वळायचं, तो तारपाच उरला नाही. आता कुणीही म्हणू दे, फिर. मी फिरणार नाही.